चारानं भागून

कुंडलिकाचा फोन आला तेव्हा मी हात धूत होतो. हात धुणं हे इथं साधं काम नाही. कोपरापर्यंत साबण, नखं, बोटांच्या बेचक्या, मग पाणी, आणि मग ते ओले हात कशालाही न लावता वर धरून आत जायचं, जसं काही कुणी बंदूक रोखली आहे. तसे वर धरलेले माझे हात आणि बंडीच्या खिशात वाजणारा मोबाईल. दारातली सिस्टर म्हणाली, "आजोबा, एक तर फोन, नाही तर नातू." मी फोन घेतला. का घेतला ते अजून कळत नाही. घरून असेल, धोंडाबाईचं काही असेल, असं वाटलं असावं. पण कुंडलिक होता, आमच्या पासलीचा जीपवाला, आणि त्याच्यामागं बायकांचा गलका. "तात्या, बारशाला निघालोय. जीप भरली. पाळणाबी घेतलाय. जागा धरून ठिवा." हाताचं पाणी कोपरावरून बाहीत उतरत होतं, गार. "तात्या, आयकू येतंय का? पैलवानाला म्हणावं, गाव आलं." सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं आणि नळाकडं बोट केलं. पुन्हा पहिल्यापासून.

पैलवान हा माझाच शब्द. बाळ झालं त्या दिवशी काट्यावर आकडा आला तो किलोच्याही आतला. सिस्टरनं तो सम्राटला सांगितला, सम्राटनं भिंतीला सांगितला, आणि मला कुणीच सांगितला नाही, मी आपला मधे उभा होतो म्हणून ऐकला. सम्राट माझा पोरगा. तो त्या क्षणापासून बोलायचा थांबला. मग घरी फोन मी केला. धोंडाबाईला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोन हातभर लांब धरून मोठ्या आवाजावर टाकते, म्हणजे मी बायकोशी बोलतो ते आख्ख्या आळीशी बोलतो. आळीतून साळूबाईनं विचारलं, "किती भरलं लेकरू?" आणि माझ्या तोंडातून निघालं, साडेतीन किलो. निघालं ते निघालं. उचलताना नर्सबाईचं मनगट लचकलं, असंही निघालं. पैलवान हाय पैलवान, रडतो तर हायवेवरचे ट्रक बाजूला होतात. पलीकडं थोडा वेळ शांत झालं. मग साळूबाई म्हणाली, "बरं, बरं, तात्या. जपा." मला वाटलं, खूश झाल्या.

मी आयुष्यभर बोलत आलो ते पोट धरून हसावं म्हणून. भाटघरच्या धरणातला मासा कूस बदलतो तेव्हा भोरातल्या विहिरींना पाणी वाढतं. पासलीच्या भातात एका साली रानडुक्कर शिरलं ते कापणीपर्यंत सापडलं नाही, आणि सापडलं तेव्हा त्याला नातवंडं होती. पारावर बसून मी हे सांगायचो आणि संपलं की कुंडलिक धुळीत पायाच्या अंगठ्यानं दोन रेघा ओढायचा, एक आडवी, एक उभी, आणि सगळे हसायचे. त्या रेघा कशाच्या हे मी कधी विचारलं नाही. हसतात, पुरे. पण साडेतीन किलो हे पोटातून आलं नव्हतं. ते घशातून आलं, अडकलेला काटा निघावा तसं, आणि निघताना थोडं सोलून निघालं.

आत पेटी आहे, काचेची. काचेत दोन गोल भोकं, हात घालायला. पेटीत नळ्या, नळ्यांत तो. नीट पाहिलं तर त्याची कातडी त्याला मोठी होते, थोरल्याचा सदरा धाकट्याला घातल्यासारखी. छाती इतकी भरभर हलते की मला माझाच श्वास आवरेना. मागच्या बाजूला हायवे आहे, नसरापूरच्या चौकातून वर चढणारे ट्रक गिअर बदलतात आणि खिडकीची काच थरथरते. पेटीची थरथरत नाही. मी रोज आधी तेच बघतो. सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "वजन उतरतंय, आजोबा. सुनेला आणा. आईचं दूध पाहिजे आणि आईची छाती पाहिजे. उघड्या छातीवर धरलं की ऊब लागते, पोर तग धरतं. दूध पेढीतून मिळालं तर मिळालं, छाती कुठून आणायची?" मी म्हणालो, माझी घ्या. ती म्हणाली, "विडी ओढता ना? वास येतोय." सम्राटला तर खोकला झालेला, त्याला दारातूनच परत लावलं. तो तेव्हापासून दुधामागं लागला होता. पुण्यात बायांच्या दुधाची पेढी असते, दान दिलेलं दूध तिथं गोठवून ठेवतात, हे आम्हाला इथं येऊन कळलं. आज सकाळी तो बर्फाचा डबा घेऊन गेला होता. जाताना मी म्हणालो, मिळंल रे. तो म्हणाला, "आबा, तुमी नका बोलू."

छाती वरच्या मजल्यावर होती, बाळंतिणींच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून. गायत्री. भाटघरची पोर. लग्न होऊन आली तेव्हा माझा मासा ऐकून पदर तोंडाला लावून म्हणाली होती, "मामा, आमच्या धरणात येवढं पाणीच न्हाई." घरात तेव्हापासून मला धाक बसला. मागच्या खेपेला तिचं पाचव्या महिन्यात गेलं. गेलं ते कापडात गुंडाळून ठेवलेलं, आणि तिनं बघायला मागितलं, आणि धोंडाबाईनं दाखवलं. बघताना ते जरासं हललं, असं ती म्हणते. हललं, मग थांबलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच बसलं, की आईचीच नजर पहिली लागते. या वेळी पोर झालं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते. टाके भरत आले, चालायला लागली, पण खाली काचेच्या खोलीत आली नाही. सिस्टर पंपानं दूध काढायला बसवायच्या, तर बाटलीच्या तळाला लागेल इतकं यायचं, आणि त्या दिवसांत तेही कमी कमी. "गायत्री, चल की," मी म्हणायचो. "न्हाई मामा. म्या बघितलं न्हाई तंवर हाय त्यो."

म्हणून मी खाली जायचो आणि वर येऊन सांगायचो. आज डोळा उघडला. आज जांभई दिली, सिस्टर दोन पावलं मागं सरली. आज पाय असा झाडला की नळी निघाली असती. शेजारच्या खाटेवर कामथडीची सुलक्षणा होती, तिची पोरगीही खाली पेटीत, पण आमच्यापेक्षा आठवड्यानं पुढं. पोरगी दिवसातून दोनदा तिच्या छातीवर द्यायचे. सुलक्षणा मोकळं हसायची, माझा मासाही तिनं ऐकून झाला होता. "आजोबा, काल जांभई, आज गाणं म्हणलं का न्हाई?" मी म्हणायचो, म्हणलं की, पण सूर जरा चढा लागला. ती हसायची आणि तिच्या बाटलीत धार लागायची, हे मी पडद्याबाहेरून ऐकलेलं आहे, टणटण, मग भरल्या आवाजाची. गायत्रीच्या बाटलीतून काही ऐकू यायचं नाही. ती म्हणायची, "व्हय मामा." फक्त एवढंच. माशावरून निदान ती भांडली होती. या गोष्टींवरून भांडतही नव्हती. मी बोलत असताना ती भिंतीवरच्या एका डागाकडं बघायची, आणि मला वाटायचं, मीच तो डाग आहे.

पुन्हा हात धुऊन मी आत गेलो. सिस्टरनं भोकातून एक बोट घालू दिलं, एकच, करंगळी. तळहात त्याचा केवढा, हरभऱ्याच्या पानाएवढा. मी करंगळी नुसती तिथं ठेवली. काही होणार नव्हतं. मी मनातल्या मनात ठरवत होतो की वर जाऊन आज काय सांगायचं, शिंक सांगावी का उचकी, आणि तेवढ्यात त्यानं धरलं. धरलं म्हणजे, पाची बोटं माझ्या करंगळीच्या पेराभोवती मिटली. मला आधी वाटलं मीच हलवलं. मी हललो नाही. ट्रक गेला, खिडकी थरथरली, पेटी नाही, आणि ती पकड सुटली नाही. कोळी दोरा टाकतो तेवढा जोर. मला रानातला एक वास आठवला, भात पोटरीत येतं, लोंबी पोटात धरतं तेव्हाचा, दुधाळ, आणि सम्राट इतकासा असताना धोंडाबाईनं त्याला बांधावर झोळीत टांगलं होतं ती झोळी आठवली, तिच्यावर चाललेला मुंगळा आठवला, जो मी तेव्हा बोटानं उडवला होता. याच बोटानं. सिस्टर म्हणाली, "बास आता." मी करंगळी काढली तेव्हा ती त्यानं सोडली नाही, ती निसटली.

जिना मी कसा चढलो, माहीत नाही. गायत्री उठून बसली होती. मला काही रचता येईना. मनगट नाही, पैलवान नाही, ट्रक नाही. मी नुसतं म्हणालो, "त्यानं माझं बोट धरलं." ती भिंतीवरून नजर काढून माझ्याकडं वळली. मऊ आवाजात, मी दुखावू नये म्हणून, म्हणाली, "मामा, कालबी धरलंवतं की."

खरंच. काल मी तेच सांगितलं होतं. काल धरलं नव्हतं.

जिन्याच्या वळणावर लोखंडी बाक आहे, मी तिथं बसलो. सांगून ठेवलेलं परत घेता येत नाही हे मला माहीत होतं, पण ते खऱ्याची जागा आधीच धरून बसतं, एसटीत रुमाल टाकावा तसं, हे माहीत नव्हतं. आता त्यानं उद्या डोळा उघडला तर? तो मी चार दिवसांपूर्वीच उघडून टाकला होता. हसला तर? हसवून झालं होतं. त्या पोराला करायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. आणि खाली रस्त्यानं जीप येत होती. पासलीच्या बाया, साडेतीन किलोचं लेकरू बघायला. काचेशी उभ्या राहतील. आधी शोधतील, मोठं पोर कुठाय म्हणून. मग दिसेल. मग त्यातली एखादी तोंडावर हात नेईल आणि तो हात पुरणार नाही, आमच्याकडं बाया रडतात त्या डोंगरापलीकडं ऐकू जावं अशा, आणि वर गायत्री ते ऐकेल, आणि तिला वाटेल, झालं. मग ती कधीच जिना उतरणार नाही. मी कुंडलिकाला फोन लावला. "कुंडलिक, मागं फिरा. पाबे घाटात दरड आलीय, रस्ता बंद हाय." तो म्हणाला, "तात्या, पाबे घाट हिकडं कुठं? आमी मार्गासनीत च्या पितोय." मी म्हणालो, दवाखान्यात साथ आलीय, कुणाला आत सोडत नाहीत. तो म्हणाला, "मग भाईर बसू." मी म्हणालो, पोराला घरी सोडलं, आम्हीच निघालोय. "तात्या," तो म्हणाला, "तुमी पानी प्या. आलोच."

सम्राटचा फोन आला. पेढीत दूध कमी आहे, आज एक बाटली दिली, उद्याचं उद्या बघू म्हणाले. "ती आली का खाली?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडलं. आली, म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं ते. म्हणालो, "न्हाई." पलीकडं खोकल्याची उबळ ऐकू आली, का दुसरं काही, ते मला ओळखता आलं नाही.

जीप आली तेव्हा मी फाटकाशी उभा होतो, दोन्ही हात पसरून, जसं काही वासरू अडवतोय. साळूबाई पुढच्या सीटवरून उतरली. आमच्यापेक्षा थोरली नाही, पण आळीतल्या सगळ्या बाळंतिणींना पहिली आंघोळ तिनं घातलेली. तिच्यामागं चार बाया. पाळणा दिसेना. वळकट्या होत्या, आणि एक गाठोडं. "सरा की तात्या," साळूबाई म्हणाली, "रानात उभं राह्यल्यागत काय उभं राह्यलाय." मी म्हणालो, साळूबाई, आत जाऊ नका. "आत कशाला? सुनंकडं चाललोय." आणि ती माझ्या पसरलेल्या हाताखालून वाकून गेली. कुंडलिक चपला काढून मागून आला. जिना चढताना त्यानं माझ्या दंडाला धरलं होतं.

गायत्री त्यांना बघून आक्रसली. बाया तिच्या खाटेभोवती फरशीवर बसल्या, लावणीला वाकतात तशा ओळीनं, आणि कुणीही बाळाचं नाव काढलं नाही. एकीनं तिच्या पायाला तेल लावायला घेतलं. साळूबाईनं गाठोडं सोडलं. अळिवाचे लाडू निघाले, केळीच्या पानात. मग खसखस. मग एक पांढरं काहीतरी निघालं आणि तिनं ते लाडवांच्या शेजारी पानावर ठेवलं. मला आधी समजेना. कुंची होती. बारशाला लेकराला घालतात ती, मानेवरून पाठीवर रुळणारी टोपी. पण ती एखाद्या नारळालाही बसली नसती. कवठाला बसली असती.

"ही धोंडाबाईनं शिवलीय," साळूबाई म्हणाली, "तात्याच्या जुन्या फेट्याच्या टोकाची. मऊ झालंय धुऊन धुऊन."

मी म्हणालो, "साळूबाई, तुमाला कुणी सांगितलं?"

"कशाचं?"

"केवढा हाय त्ये."

"तुमीच की."

"म्या साडेतीन किलो म्हणलोवतो."

"व्हय. आन आमी चारानं भागलं." बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. "पासलीत तुमाला न भागता कोण आयकतंय, तात्या? धोंडाबाई तर लग्नापास्नं भागतीया. तुमी फोन ठिवला आन ती सुईदोरा घिऊन बसली. म्हणाली, लई म्हणला मानूस, म्हंजी लईच ल्हान हाय."

दारात कुंडलिक आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. एक आडवी, एक उभी. चार तुकडे. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग बारसं?" मी म्हणालो. "पाळणा?"

"पाळणा कुठला? रडत फोन केला असता तर तुमी यिऊ दिलं असतं का? थापा काय तुमालाच येत्यात?" ती लाडू फोडत होती. "भात झोडून झालंय. दोघी दोघी ऱ्हाणार हितं, पाळीपाळीनं. वळकट्या आणल्यात. हिला एकली ठिवायची न्हाई. सम्राटला म्हणावं जरा झोप."

पडद्यापलीकडून सुलक्षणा म्हणाली, "आजोबा, म्हंजी त्यो मासा केवढा वो खरा?" कुणी तरी हसलं. गायत्री हसली नाही. तिनं हात लांब केला आणि पानावरची कुंची उचलली. उजव्या हाताची मूठ वळली आणि त्या मुठीवर ती घातली. टोक मनगटावर रुळलं. मूठ तिनं डोळ्यांसमोर धरली आणि बघत राहिली. ज्या गोष्टीकडं ती बघत नव्हती तिच्याकडं ती आता बघत होती.

"मामा, येवढा हाय?"

मला व्हय म्हणता आलं असतं. बायांनी जीव लावून शिवलेली, फेट्याची. माझ्या तोंडात ते आलंही होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "याच्यापरीस ल्हान."

साळूबाईचा लाडवाचा हात तसाच राहिला. गायत्रीनं मूठ जरा आणखी आवळली, आणखी आवळली, कुंची सैल होईपर्यंत. मग तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "आज बोट धरलं म्हणालात."

"म्हणलो."

"चारानं भागलं तरी कायतरी धरलंच की."

आणि तिनं पाय खाटेखाली सोडले, चपला चाचपू लागली. उठताना टाके ओढले असावेत, तोंड वेडंवाकडं झालं. दारापर्यंत आली आणि थांबली. "साळूमावशी, माझी नजर?" साळूबाई उठली. कनवटीतून काजळाची डबी काढली, बाळासाठीच आणलेली असणार. म्हणाली, "लेकराला आत काजळ चालत न्हाई म्हणत्यात. मग आईला लावू. नजर ज्याची, तीट त्याला." तिनं बोट बुडवून गायत्रीच्या कानामागं ठिपका लावला, मग दुसऱ्या कानामागं, आणि मग विचार करून हनुवटीवर एक, चांगला मोठा. विशीतली बाई, हनुवटीवर तीट, हातात मुठीएवढी कुंची. जिना ती कठड्याला धरून उतरली, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. नळाशी तिनं कोपरापर्यंत साबण लावला. नखं. बेचक्या. सिस्टरनं हनुवटीकडं पाहिलं, कुंची घेतली, उकळून देते म्हणाली. मग गायत्रीनं ओले हात वर धरले आणि दार मिटलं.

काचेतून दिसतं, पण मी गेलो नाही काचेशी. चपलांच्या फळीपाशी भिंतीला टेकून उभा राहिलो. शेजारी कुंडलिक. आतून काही ऐकू येत नव्हतं, आणि काही ऐकू न येणं हे चांगलं का वाईट ते मला कळत नव्हतं.

"तात्या," कुंडलिक म्हणाला. "जगंल का?"

"जगंल की," मी म्हणालो. "शंभर वर्सं."

आणि त्याच्या अंगठ्याकडं बघत राहिलो. अनवाणी होता तो, फरशीवर. एक आडवी, एक उभी, पंचवीस आले असते. मला पंचवीसही चालले असते. पाच चालले असते. अंगठा जरा पुढं सरकला, फरशीवर टेकला, आणि मग त्यानं तो दुमडून घेतला.